तहानेवर वाढलेलं झाड

नागपूरचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टींबद्दल बोलतात : ऊन आणि संत्री. पण ४५ अंशांच्या उन्हात हे फळ रमलं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. लिंबूवर्गीय झाडांचं मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी. भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडं आणून नागपुरात लावली, असं पूर्वापार सांगतात.

झाडं आली, पण टिकली ती जमिनीमुळे. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात काळी माती, आणि चांगल्या जागी तिच्याखाली पाणी झिरपू देणारा मुरूम. नुसती खोल चिकण काळी जमीन संत्र्याला चालत नाही. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की डिंक्या लागतो. कलमाचा डोळा भरायचा तो जंबेरीच्या खुंटावर, आणि म्हणूनच लावताना जोड मातीच्या वर ठेवायचा.

खरी गंमत हवामानाची. थंड देशांत हिवाळाच झाडाला झोपवतो. आपल्याकडची थंडी तेवढी पुरत नाही, म्हणून शेतकरी पाणी तोडून ताण देतो. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारीत वेळ लागतो. पानं कोमेजली की पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी लदबदतं. हिवाळ्यात ताण दिला की आंब्याच्या मोहोराबरोबर येतो तो आंबिया, उन्हाळ्यात दिला की पावसाबरोबर फुलतो तो मृग.

मृग पावसाच्या भरवशावर, तर आंबियाला अख्खा उन्हाळा पाणी द्यावं लागतं. मोटेच्या विहिरी होत्या तोवर बागा विहिरीच्या मापाच्या होत्या. पंप आले, मग शेकडो फूट खोल बोअर आले, आणि बागा पाण्यापेक्षा मोठ्या झाल्या. नागपुरात १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शीकडे उभ्या बागा वाळल्या. वर्षानुवर्षं जपलेल्या झाडांवर लोकांनी कुऱ्हाड चालवली.

शेतकऱ्याने दिलेला ताण झाड सोसतं, कारण त्यानंतर पाणी येणार असतं. जमिनीखालचं पाणी संपल्यावर बसतो तो ताण कुणी तोडायचा?

असो. यंदा संत्रं सोलताना एवढं आठवलं तरी पुरे.