पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि आपण बायका

आपल्या मंडळाची वार्षिक सहल यंदा कोठे न्यावी, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत बराच खल झाला. काहींचे म्हणणे पडले की बस करून पाण्याच्या खेळांच्या बागेत जावे. तेथे जेवण तयार मिळते, कोणाला काही करावे लागत नाही. काहींना अष्टविनायकांपैकी एखादे स्थान हवे होते. मी म्हटले, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल अशा पायी जाण्याच्या जागा पुण्याभोवती पुष्कळ आहेत. त्यावर एक भगिनी म्हणाल्या, "टेकडीवर पाहायला आहे तरी काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखे नव्हते, म्हणून संपादिकाबाईंनी दिलेल्या या पानांवर देत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाचनालयातून आणलेली पुस्तके, वडीलधाऱ्यांचे बोलणे आणि स्वतःचे पाय, एवढ्याच भांडवलावर हे लिहिते आहे.

पर्वतीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांच्या पायाखालची आहे. पायऱ्या १०३. वरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले, हे शाळेत शिकवतात. पण ते का बांधले, याची जी कथा सांगतात ती मला अधिक आवडते. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांना पायाचे दुखणे होते. या टेकडीवर देवीचे एक लहानसे ठाणे होते, तिला नवस बोलल्यावर दुखणे बरे झाले, आणि आईचा नवस फेडायला मुलाने मंदिर उभारले. कथा खरी की खोटी याचा निवाडा जाणत्यांनी करावा. गुडघे धरून मधल्या पायरीवर टेकणाऱ्या आपल्यातल्या कित्येकींना मात्र काशीबाई जवळच्या वाटतील!

याच टेकडीवर नानासाहेबांचा शेवट झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ दोघेही गेले. त्या धक्क्यातून नानासाहेब सावरले नाहीत आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवरच त्यांनी देह ठेवला. आपण सारे तेवढे वाचतो आणि पुढे जातो. पण भाऊंची पत्नी पार्वतीबाई नवऱ्याबरोबर पानिपतापर्यंत गेली होती, तेथून जिवंत परत आली, आणि भाऊंचे शव आपण पाहिले नाही म्हणून त्यांना मृत मानायला अखेरपर्यंत तयार झाली नाही. तिने कुंकू पुसले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया निघाला तेव्हा त्या बाईच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार मी पर्वतीवर गेले की हटकून करते. पुढे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावांनी येथूनच पाहिली. मुले ती जागा मोठ्या हौसेने पाहतात. मला त्यात पाहण्यासारखे काही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगावी. ऑक्टोबर १९२९ मध्ये याच पायऱ्यांवर सत्याग्रह झाला. अस्पृश्य मानलेल्या आपल्याच बांधवांना वर देवापर्यंत जाऊ द्यावे, एवढीच मागणी होती. सत्याग्रहींवर दगड आले, काठ्या आल्या; पुढे थोर नेते झालेले एस. एम. जोशी यांनी तरुणपणी तेथे मार खाल्ला. दार उघडले नाही. मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. ज्या पायऱ्या आपण व्यायाम म्हणून मोजतो, त्या चढण्याचा हक्क मागताना माणसांचे रक्त सांडले आहे. कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घेऊ नये हा समजही आपल्याकडे जुना. पर्वतीवर त्याचे मंदिर आहे; आमच्या सासूबाई त्यावरून जाताना मान वळवून चालत. मी सरळ पाहून चालते. अद्याप काही वाईट झालेले नाही.

चतुःशृंगीबद्दल मी काय सांगणार? नवरात्रात आपण सगळ्याच जातो, ओटी भरतो, गर्दीत चेंगरून परत येतो. एकदा मार्गशीर्षात, गर्दी नसताना जाऊन पाहा.

फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागची टेकडी मात्र थांबण्यासारखी आहे. हनुमान टेकडी म्हणून हल्ली लोक तिला ओळखतात. पहाटे फिरणाऱ्यांची तेथे रीघ असते. १२ जून १९०५ रोजी नामदार गोखले यांनी या टेकडीवर स्वतः देशसेवेची शपथ घेतली आणि मग आपल्या तीन सहकाऱ्यांना दिली. भारत सेवक समाजाचा तो जन्म. त्या तिघांत एक होते गोपाळ कृष्ण देवधर. हेच देवधर पुढे रमाबाई रानडे यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. लग्न झालेल्या, संसारात पडलेल्या, वय उलटून गेलेल्या बायकांनी पुन्हा पाटी हातात धरावी, शिवण शिकावे, रुग्णसेवा शिकावी आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, म्हणून ते काम होते. रमाबाई स्वतः लग्न होऊन सासरी आल्यावर अक्षर शिकल्या, तेही घरातल्या बायकांची बोलणी खात. आपल्यासारखी मंडळे पुण्यात गल्लोगल्ली दिसतात, त्यांचे मूळ शोधत गेले तर एक धागा या टेकडीवर पोचतो. टेकडीवर पाहायला काय आहे, असे विचारणाऱ्या भगिनीला मी प्रथम हेच सांगेन.

या टेकडीवरून उतरून सेनापती बापट रस्ता ओलांडला की समोर वेताळ टेकडी लागते. तिच्या माथ्यावरून पलीकडे पाहिले की कोथरूड आणि कर्वेनगरच्या इमारतींची गर्दी दिसते. त्या गर्दीत कोठेतरी जुने हिंगणे आहे. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पुढे शहरात प्लेगने कहर केला आणि १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. अण्णासाहेब दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि तेथून हिंगण्याला पायी जात. वाट चार मैलांची, धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. शिकवून परत यायचे ते अंधारातून. आज त्यांच्या नावाच्या रस्त्यावर वाहनांच्या धुरात अर्धा तास अडकून पडले की मला ती पायपीट आठवते आणि बसल्या जागी लाज वाटते.

माझ्या सासूबाईंच्या आत्या त्याच आश्रमात शिकल्या. दहाव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी कपाळ पांढरे. दोन वर्षे माजघराच्या मागच्या खोलीत काढली. १९३१ साली भावाने घरच्यांशी भांडून त्यांना हिंगण्याला आणून सोडले. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि आयुष्यभर कोणाच्या ताटाखाली राहिल्या नाहीत. पुस्तकांविषयी, गुरुजनांविषयी त्या बोलत, पण सासूबाईंना त्यांचे वेगळेच एक बोलणे आठवे. आश्रमातल्या मुली संध्याकाळी जवळच्या टेकडीवर फिरायला जात. आत्या म्हणत, "डोक्यावर हंडा नाही, हातात पूजेचे तबक नाही, कोणी बोलावलेले नाही, आणि तरी मी चालते आहे, असे तेव्हा जन्मात पहिल्यांदा झाले."

हे वाक्य मला मोठे वाटते. आज आपल्यावर तशी बंधने नाहीत हे खरे. पण घराबाहेर पडायला आपल्याला अजून कारण लागते. भाजी आणायची, दळण टाकायचे, मुलांची शाळा, देवदर्शन, हळदीकुंकू, दवाखाना. कारण सांगितले की दार उघडते. "उगीच टेकडीवर जाऊन येते" असे म्हणून पाहा. घरातल्या चार माना वर होतात! पुरुष रोज पहाटे टेकडीवर जातात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. बसच्या सहलीला माझा विरोध नाही. पण बसमधून आपल्याला कोणी नेऊन आणते, टेकडीवर आपण आपल्या जातो. हा भेद मला लहान वाटत नाही.

वेताळ टेकडीवर मोर दिसतात, जुन्या दगडखाणीत साचलेले पाणी दिसते, उन्हाळ्यात वाळल्या गवताचा वास येतो. या टेकडीतून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता न्यावा अशी योजना पुढे आली, तेव्हा २०२३ साली पुणेकरांनी टेकडी वाचवण्यासाठी मोर्चा काढला. आपल्या गल्लीतल्या सात-आठ जणी त्यात होत्या. स्वयंपाक सकाळीच उरकून गेलो होतो. वाहनांची सोय हवी हे मलाही कळते; कोंडीत मीही अडकते. पण टेकडी एकदा फोडली की पुन्हा रचता येत नाही. आणि जेथे आपण कधी पाऊल टाकले नाही त्या जागेसाठी भांडायला आपल्यापैकी कोण जाणार?

आता सिंहगड. पुण्यापासून साधारण तीस किलोमीटर. बस पायथ्याशी सोडते. आतकरवाडीहून पायवाटेने सव्वा ते दीड तासात वर पोचता येते. बोलत बोलत गेलो तर दोन तास धरावेत. तानाजींची कथा आपल्याला पाठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, उदेभानाशी झुंज, आणि गड आला पण सिंह गेला. कथेला हात लावायची माझी इच्छा नाही, पण दोन गोष्टी वाचनात आल्या त्या सांगते. घोरपडीची गोष्ट सभासदाच्या बखरीत नाही. तेथे मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असे वर्णन आहे. आणि सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रात आलेले आहे, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षे आधी. हे मी मुलांना सांगितले तेव्हा धाकटा रागावला. मी म्हटले, अरे, घोरपड काढून टाकली तर काळोखात हातापायांनी कडा चढणारी माणसे उरतात. ती काय लहान झाली?

गडावर तानाजींच्या स्मारकाशी गर्दी असते. राजाराम महाराजांच्या समाधीशी फारसे कोणी थांबत नाही. मार्च १७०० मध्ये महाराज याच गडावर वारले. मराठ्यांचे राज्य आता संपले असे औरंगजेबाला वाटले असेल. राणी ताराबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. त्यांनी लहान मुलाला गादीवर बसवले आणि सात वर्षे कारभार व लढाई दोन्ही चालवली. १७०३ साली औरंगजेबाने सिंहगड घेतला, नाव बदलून बक्षिंदाबक्ष ठेवले. दोन वर्षांत गड पुन्हा मराठ्यांकडे आला. १७०७ साली औरंगजेब दख्खनमध्येच मरण पावला. पंचविसाव्या वर्षी माझ्या कडेवर एक आणि पदराला एक होते, आणि दूध नासले तरी मला रडू येई. म्हणून त्या समाधीजवळ मी नेहमी थोडी बसते, आणि आठवण जितकी महाराजांची येते तितकीच ताराबाईंची येते.

लोकमान्य टिळकांचा बंगला वर आहे. १९१५ साली गांधीजींची आणि त्यांची तेथे भेट झाली. देवटाक्याचे पाणी गांधीजी पुण्यात असताना मुद्दाम मागवीत, असे सांगतात. आपल्याला टाक्याशी जाऊन त्याचा गारवा घेता येतो.

आणि दही. सिंहगडावर जाऊन मडक्यातले दही न खाता आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. पण ते दही वर येते कसे? आता पुष्कळसा माल गाडीरस्त्याने जातो. तरी एका रविवारी आम्ही आतकरवाडीहून अंधारात निघालो तेव्हा पुढे एक बाई टोपली डोक्यावर घेऊन चालली होती. आम्ही तीन ठिकाणी बसलो, ती एकदाही बसली नाही. वर पोचल्यावर तिच्याकडेच दही घेतले. किती वर्षे चढते आहेस असे विचारले तर म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून. सासू चढायची, तिच्या मागून मी. रायगडच्या हिरकणीचे नाव बुरुजाला तरी मिळाले. ही शेकडो वेळा चढली, तिचे नाव कोणत्या पुस्तकात येणार? दोन्ही मुली शिकत आहेत, धाकटी परिचारिकेच्या शिक्षणाला पुण्यात असते, हे तिने आपणहून सांगितले. बोलताना हात भाकरी थापतच होते. गर्दी वाढू लागली तशी ती गिऱ्हाइकांकडे वळली. उठताना आमच्यातल्या एकीने दोन मडकी घरी नेण्यासाठी मागितली, तर म्हणाली, "बाई, मडकी ठेवून जा. पुढच्या रविवारी पुन्हा लागतील."