नाव वगळले, ओळख राहिली : निनावी माहितीचा इतिहास

तिसऱ्या वर्षाच्या लघुप्रकल्पांचे अहवाल तपासताना एक वाक्य मला जवळजवळ प्रत्येक सर्वेक्षणात भेटते : "उत्तर देणाऱ्यांची नावे घेतलेली नाहीत, त्यामुळे माहिती गोपनीय आहे." पान उलटले की प्रश्नावली येते. तिच्यात जन्मतारीख, लिंग, पिनकोड, शाखा, वसतिगृहात राहता की घरून येता, हे सगळे विचारलेले असते. या पाठात आपण त्या एका वाक्याचा इतिहास पाहणार आहोत. नाव काढून टाकले की माणूस सुरक्षित झाला, ही समजूत कोठून आली, ती कोणी आणि कशी मोडली, आणि इंटरनेटवर स्वतःचा खासगीपणा जपू पाहणाऱ्याला हा इतिहास का ठाऊक असावा, हा आपला विषय आहे.

समजुतीची मुळे

खासगीपणाच्या आधुनिक कायदेशीर चर्चेची सुरुवात सहसा १८९० पासून सांगतात. त्या वर्षी सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरील लेख हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. झटपट छायाचित्रे काढणारे कॅमेरे आणि घरगुती गोष्टी छापणारी वृत्तपत्रे ही त्यांची चिंता होती. म्हणजे नुकसान होते ते नाव आणि चेहरा चारचौघांत आल्याने. मग उपायही सरळ दिसतो : नाव देऊ नका.

सरकारी मोजणीतही हाच विचार दिसतो. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना अधिनियमातील कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि त्या पुरावा म्हणूनही सहसा चालत नाहीत. बाहेर येतात ती फक्त बेरजा आणि कोष्टके. कागदाच्या काळात ही व्यवस्था चांगली चालली. पण ती का चालली, हे नीट पाहायला हवे. दोन कचेऱ्यांतल्या दोन वह्या समोर ठेवून लाखभर नोंदी जुळवायच्या तर कारकुनांची फौज महिनोन्‌महिने बसवावी लागे. माणसाचे रक्षण नाव वगळण्याने जेवढे होत होते, त्यापेक्षा जास्त ते या कष्टामुळे होत होते. संगणकाने नेमके हे कष्ट संपवले. समजूत मात्र तशीच राहिली.

मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर

समजूत उघडपणे मोडली ती १९९० च्या दशकात, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात. राज्य कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा पाहणाऱ्या आयोगाकडे सुमारे १ लाख ३५ हजार कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या वैद्यकीय नोंदी होत्या : कोणते निदान झाले, कोणते उपचार, कोणती औषधे. नावे आणि पत्ते काढून ही माहिती संशोधकांना देण्यात आली. हेतू चांगला होता, हे विसरू नका. रुग्णांचा खासगीपणा सुरक्षित आहे, अशी ग्वाही तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली होती. पण नोंदींत तीन गोष्टी शिल्लक होत्या : जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा झिप कोड.

लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. गव्हर्नर केंब्रिज शहरात राहतात, हे सर्वांना माहीत होते. स्वीनींनी त्या शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली. त्या यादीत नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड असे सगळे होते. वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण निघाले. त्यांतले तीन पुरुष. त्यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. विमा आयोगाच्या 'निनावी' संचातील ती नोंद म्हणजे राज्याच्या प्रमुखाचा वैद्यकीय इतिहास होता.

यात कोणतेही कुलूप फोडलेले नाही. चोरीचा पासवर्ड नाही, घुसखोरी नाही. दोन्ही याद्या कायदेशीर मार्गाने मिळालेल्या होत्या आणि स्वतंत्रपणे पाहिल्या तर दोन्ही निरुपद्रवी होत्या. संगणक विभागात आपण ज्याला 'जॉइन' म्हणतो, तेवढीच एक क्रिया पुरली.

पुढे २००० मध्ये स्वीनींनी अंदाज मांडला की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी झिप कोड एवढ्यावरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी नव्या जनगणनेच्या आकड्यांवरून हे प्रमाण ६३ टक्के काढले. वेल्ड यांच्या बाबतीतही नंतर एक रास्त आक्षेप घेतला गेला. मे १९९६ मध्ये ते एका समारंभात कोसळले होते आणि रुग्णालयात दाखल झाल्याची बातमी सर्वत्र आली होती, त्यामुळे ही जुळणी नेहमीपेक्षा सोपी होती. आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा राहतोच. ६३ टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत.

आपल्या पिनकोडचा हिशेब

हे भारतात कितपत लागू पडते? वहीच्या कोपऱ्यात हिशेब करून पाहू. आपला सहा अंकी पिन १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे लेखक श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे कर्ते, मूळचे कोकणातले. पत्र योग्य गावी पोचावे, एवढाच त्याचा हेतू होता. आज देशात १९ हजारांहून अधिक पिन आहेत. लोकसंख्या १४० कोटी धरली तर एका पिनमागे सरासरी ७३ हजार माणसे येतात. त्यांतली निम्मी एका लिंगाची धरली तर साडेछत्तीस हजार. ती सत्तर वर्षांच्या जन्मतारखांवर सारखी पसरली आहेत असे मानले, तर तारखा होतात सुमारे २५,५००. भागाकार केला की उत्तर दीडच्या आत येते. तरुणांचे प्रमाण जास्त असल्याने तुमच्या वयाला ते दोनच्या आसपास जाईल.

म्हणजे पिन, लिंग आणि जन्मतारीख सांगितली की तुम्ही आणि आणखी एखादी व्यक्ती उरता. त्या दोघांपैकी तुमच्या महाविद्यालयात कोण शिकते, एवढे कळले की प्रश्न संपला. (महाराष्ट्रात शाळेत दाखल करताना गुरुजींनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लावलेली पिढी आहे. त्या मंडळींना या हिशेबात गर्दीचे चांगले संरक्षण मिळते!)

मतदारयाद्या आपल्याकडेही सार्वजनिक आहेत आणि त्या तशा असायलाच हव्यात, कारण खोटी नावे शोधण्याचा तोच मार्ग आहे. त्यांच्यात जन्मतारीख नसते, वय असते. याद्या संगणकाने शोधता येतील अशा मजकुराच्या रूपात मिळाव्यात ही मागणी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती, पण न्यायालयाने ती मान्य केली नाही. यादी तीच, पण ती चित्राच्या रूपात आहे की मजकुराच्या, यावर जुळवणीचे कष्ट ठरतात.

२००६ नंतर : वागणूक हीच ओळख

आतापर्यंतच्या उदाहरणांत जन्मतारखेसारख्या ओळखखुणा होत्या. त्याही काढल्या तर? ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील जवळपास दोन कोटी शोध प्रसिद्ध केले. नावांऐवजी क्रमांक दिले होते. पण एका माणसाच्या सगळ्या शोधांना एकच क्रमांक होता. माणूस काय शोधतो? आपल्या गावातले माळी, आपल्या आडनावाचे लोक, आपली दुखणी. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागच्या वृद्ध महिलेचे दार गाठले. कंपनीने फाइल मागे घेतली, पण तोवर तिच्या प्रती जगभर गेल्या होत्या.

त्याच वर्षी नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक गुण खुले केले. अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये दाखवले की एखाद्याने दिलेले आठ गुण ठाऊक असतील, त्यांतले दोन चुकीचे असले आणि तारखा चौदा दिवसांनी इकडेतिकडे असल्या, तरीही ९९ टक्के नोंदी एकमेव ठरतात. आयएमडीबीवर लोक स्वतःच्या नावाने मते लिहीत होतेच. सार्वजनिकपणे चार चित्रपटांवर बोलणाऱ्याने खासगीत काय पाहिले, ते असे जुळवता येत होते. पाहिलेल्या चित्रपटांवरून राजकीय कल, श्रद्धा, लैंगिकता यांचा अंदाज बांधता येतो. खटला झाला आणि २०१० मध्ये नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा रद्द केली.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सींचे प्रकरण तर अभ्यासायलाच हवे. २०१४ मध्ये शहराने माहितीच्या कायद्याखाली १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची नोंद दिली. परवाना क्रमांक लपवण्यासाठी त्यांचे एमडी५ हॅश केले होते. हॅश उलटा करता येत नाही, असे आपण वर्गात शिकतो आणि ते खरेही आहे. पण परवाना क्रमांकांचे साचे ठरलेले असल्याने एकूण शक्यता दोन-अडीच कोटीच होत्या. सगळ्यांचे हॅश काढून तक्ता बनवला की उलटे करायची गरजच उरत नाही. काही तासांत सगळे परवाने उघडे पडले. मोबाइल क्रमांकाचा हॅश साठवून 'सुरक्षित' म्हणणारे प्रकल्प मी आजही पाहतो. आपले क्रमांक दहा अंकी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे ४०० कोटी शक्यता. साध्या लॅपटॉपला ते फार नाही.

२०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द मॉन्ट्जॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. कोण, कोणत्या वेळी, कोणत्या टॉवरजवळ होते, असे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळे काढायला पुरले.

उत्तरे कशी शोधली गेली

स्वीनी आणि पिएरांजेला सामाराती यांनी १९९८ मध्ये 'के-अनामिकता' मांडली. प्रत्येक नोंद निदान 'के' जणांसारखी दिसली पाहिजे. त्यासाठी जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, पूर्ण पिनऐवजी त्याचे पहिले अंक द्या. कल्पना उपयोगी आहे, पण दहाही जणांना एकच आजार असेल तर दहांपैकी तुम्ही कोण हे न कळताही आजार कळतो.

दुसरी वाट जुनी आहे आणि मला ती अधिक सुंदर वाटते. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने अवघड प्रश्नांची उत्तरे घेताना दैवावर काही भाग सोडण्याची युक्ती सांगितली. तिचे एक सोपे रूप असे. समजा विचारायचे आहे, "परीक्षेत कधी कॉपी केली का?" उत्तर देणाऱ्याने गुपचूप नाणे उडवायचे. छापा आला तर खरे उत्तर. काटा आला तर पुन्हा उडवायचे आणि छाप्याला 'हो', काट्याला 'नाही' सांगायचे. आता कोणाचेही 'हो' त्याच्यावर शिक्कामोर्तब करत नाही, कारण ते नाण्याचेही असू शकते. तरी वर्गाचे चित्र मिळते. शंभरात ४० 'हो' आले, तर त्यांतले साधारण २५ नाण्याचे. उरलेले १५ हे खरे बोलणाऱ्या ५० जणांतले. म्हणजे कॉपीचे प्रमाण सुमारे ३० टक्के.

सिंथिया ड्वर्क आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या वळणाच्या विचाराला 'डिफरन्शियल प्रायव्हसी' हे काटेकोर गणिती रूप दिले : एक माणूस संचात असला काय आणि नसला काय, बाहेर येणारे उत्तर जवळजवळ सारखेच राहावे, इतकी यादृच्छिक चूक मुद्दाम मिसळायची. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली आणि वादही ओढवून घेतला, कारण लहान गावांचे आकडे त्यामुळे थोडे बदलतात. फुकट संरक्षण कोणालाच मिळालेले नाही.

भारतातील कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात निनावी केलेल्या माहितीवरून परवानगीशिवाय ओळख पुन्हा जुळवणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम संमत झाला, त्यात हे कलम राहिले नाही. ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक, ही व्यापक व्याख्या मात्र त्यात आहे. माझ्या मते गळालेले कलम ठेवायला हवे होते, संशोधकांसाठी सूट देऊन.

याच अधिनियमाच्या कलम ३ मधील एक तरतूद तुम्ही जरूर वाचा. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेचे छायाचित्र खुल्या खात्यावर टाकले की त्या माहितीपुरते हे छत्र उरत नाही. सीबीएसईच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आई-वडिलांची नावे आणि जन्मतारीख असते. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. आईचे नाव कित्येक ठिकाणी सुरक्षा प्रश्नाचे उत्तर असते. टक्केवारी सांगायची असेल तर टक्केवारी लिहावी, कागद दाखवू नये. वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरतो, वर्ष लपवता येते. एकच टोपणनाव सगळीकडे वापरले की जोडणीचा स्तंभ आपण आपल्या हाताने तयार करून देतो. शंका आणि प्रश्न टाकण्याच्या ठिकाणी तरी ते वेगळे ठेवावे.

आणि लघुप्रकल्पाच्या प्रश्नावलीत जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट विचारा. पिनचे पहिले तीन अंक पुरतात, ते वर्गीकरण जिल्हा दाखवतात. वसतिगृहाचा प्रश्न विश्लेषणात कोठेच वापरणार नसाल तर तो ठेवूच नका. उत्तरे गोळा करताना ईमेल आपोआप नोंदवण्याची सोय चालू राहिली आहे का, तेही पाहा. ती चालू असेल तर अहवालातील पहिलेच वाक्य खोटे ठरते.