जुनी चारचाकी घेताय? इसार देण्याआधी या धोक्याच्या खुणा तपासा

ऊसबिल जमा झालं, कांद्याची पट्टी मिळाली की बऱ्याच घरांत चारचाकीचा विषय निघतो. नवीन गाडी झेपत नाही, म्हणून ओळखीतून, पाहुण्यांकडून किंवा मोबाईलवरच्या जाहिरातीतून जुनी गाडी बघितली जाते. गाडी धुऊन-पुसून चकाचक असते, मालक गोड बोलतो आणि चहा व्हायच्या आत इसार दिला जातो. खरी भानगड दोन-तीन महिन्यांनी कळते. कधी इंजिन काम काढतं, तर कधी फायनान्सवाले दारात येऊन गाडी ओढून नेतात.

सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय कोणी जमिनीचा इसार देत नाही. गाडीचंही तसंच आहे. आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन आणि शेवटी पैसे, हा क्रम मोडायचा नाही.

१. समोरचा माणूस खरंच मालक आहे का?

पहिली खूण इथेच दिसते. आरसीवर एकाचं नाव आणि गाडी दाखवणारा दुसराच, असं असेल तर थांबा. 'भावाची आहे', 'मित्र बाहेरगावी आहे', 'टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात' अशी उत्तरं आली तर तो बहुतेक दलाल असतो. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांवर गाडी दोन-तीन हातांतून फिरलेली असते आणि मूळ मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आरसीवर नाव असलेला माणूस समोर आल्याशिवाय आणि त्याचं आधार कार्ड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मालक मयत असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. 'सगळे भाऊ तयार आहेत' या तोंडी शब्दावर व्यवहार केला, तर उद्या घरातलाच एखादा जण आडवा येऊ शकतो.

२. मोबाईलवर पाच मिनिटांत काय कळतं?

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाईटवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत दिसते. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, पण अक्षरं जुळतात का ते समजतं. गाडीवर कर्ज आहे की नाही, हेही तिथे बघता येतं.

कर्ज म्हणजे सातबारावरचा बोजाच. मालक 'हप्ते कधीच फिटले' म्हणत असला, पण आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव तसंच असेल, तर बोजा उतरलेला नाही. त्यासाठी कर्ज देणाऱ्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ही दोन्ही कागदपत्रं हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. 'तुम्ही गाडी न्या, एनओसी आठ दिवसांत देतो' ही मोठी धोक्याची खूण आहे.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान वेबसाईटवर थकलेले दंडही दिसतात. ते भरायचे कोणी, हे भाव ठरवतानाच मोकळं करून घ्या. गाडी चोरीची तर नाही ना, अशी शंका आली तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सुविधेत तपासता येतं.

३. चेसिस नंबर स्वतः वाचा

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर करून जुळवा. चेसिस नंबर सतरा अक्षरी असतो. नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा, ताजा रंग, वेल्डिंग किंवा वाकडीतिकडी अक्षरं दिसली तर भाव न करता परत फिरा. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहण्याची भीती असते.

४. पासिंग कुठलं आहे?

एमएच-१३ किंवा एमएच-४५ अशी जवळची पासिंग असेल तर काम सोपं जातं. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण त्या स्वस्ताईत खर्च लपलेला असतो. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करून रोड टॅक्सही भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेला टॅक्स परत मिळवायचा तर तिकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले. त्यानंतर तिकडच्या गाड्या इतर राज्यांत कमी भावाने विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेताना एनओसी आणि टॅक्स धरूनच हिशेब करा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. गाडी चौदाव्या वर्षात असेल तर हा खर्च घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

५. ठोकलेली गाडी कशी ओळखायची?

गाडी दिवसा, उन्हात बघा. संध्याकाळी, पावसात किंवा नुकती धुतलेली असताना पत्र्याचे दोष दिसत नाहीत.

- बॉनेट, दरवाजे आणि डिकीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते बघा. एक फट रुंद आणि दुसरी अरुंद असेल तर तो भाग खोललेला असतो.
- बॉनेटच्या आणि दरवाजाच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलेला आहे.
- दरवाजाचं रबरी बीडिंग थोडं ओढून आत बघा. कंपनीचे गोल वेल्डिंग ठिपके ठरावीक अंतराने दिसतात. ते दिसत नसतील किंवा लांबडं वेल्डिंग दिसलं, तर पिलरचं काम झालेलं आहे.
- पत्र्यावर छोटा लोहचुंबक फिरवा. जिथे तो नीट चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली असू शकते. बंपर प्लास्टिकचा असतो, तो धरू नका.
- सगळ्या काचांवरचं साल बघा. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती का बदलली, ते विचारा.

एखादा दरवाजा टचिंग केलेला असणं म्हणजे गाडी वाईट असं नाही. पण समोरचा सांगाडा किंवा पिलर सरळ केलेली गाडी घेऊ नये. पुढच्या अपघातात तीच जागा आधी दबते.

६. पुरात बुडालेली गाडी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा अनेक गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या साफसफाई करून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. वरून काही कळत नाही, पण वायरिंग आतून सडत जातं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेडलाईटच्या आत पाण्याचे डाग आहेत का, हेही तपासा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. कुबट वास येत असेल किंवा अत्तराचा मारा केलेला असेल तर सावध व्हा. जुन्या गाडीत फक्त खालचं मॅटिंग कोरं दिसलं, तर तेही उचलून बघा.

७. मीटर मागे फिरवलंय का?

आठ-दहा वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर फक्त चाळीस हजार, हे सहसा पटत नाही. स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का, ब्रेक-क्लचचे रबर झिजलेत का, ड्रायव्हरची सीट बसलीय का, हे मीटरशी ताडून बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दर सर्व्हिसला किलोमीटरची नोंद होते. मालकाला सोबत घेऊन तो रेकॉर्ड मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर त्यातच उत्तर आलं.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०२१ ची आणि टायर २०१७ चे असतील तर ते दुसऱ्या गाडीचे काढून बसवलेत. मीटर वीस हजार दाखवतंय आणि चारही टायर नवे असतील, तरी कारण विचारा.

गाडी आधी भाड्याने, पिवळ्या पाटीवर चालली होती का, हेही बघा. टुरिस्टची गाडी नंतर खासगी करून विकली जाते. तिचं रनिंग जास्त असतं.

८. इंजिन थंड असताना जा

बघायला येतोय असं सांगून अचानक तासभर आधी पोचा आणि बॉनेटवर हात ठेवा. गाडी आधीच गरम करून ठेवली असेल, तर थंडीत सुरू व्हायची अडचण लपवलेली असू शकते.

सुरू केल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. गरम झाल्यावरही थांबत नाही असा पांढरा दाट धूर म्हणजे कूलंट आत जात असण्याची शक्यता. ऑईलच्या झाकणाखाली ताकासारखा फेसाळ थर दिसला तर पाणी आणि ऑईल एक झालंय. इंजिन चालू ठेवून डिपस्टिक थोडी वर काढा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनचं काम जवळ आलंय.

चावी फिरवल्यावर इंजिन, एअरबॅग आणि एबीएसचे दिवे पेटून विझले पाहिजेत. दिवा पेटतच नसेल तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केलेला असू शकतो.

मग दहा-पंधरा किलोमीटर चालवा. थोडा डांबरी, थोडा खराब रस्ता घ्या. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात खडखड येते का, वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर नुसता आवाज वाढतो पण वेग वाढत नाही का, हे बघा. शेवटची गोष्ट झाली तर क्लच प्लेट गेलेली आहे. सोबत आपल्या ओळखीचा मेस्त्री न्या. मालकाने सुचवलेला मेस्त्री नको.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट होते, तिचा दाखला मागा.

९. विम्याचा कागद काय सांगतो?

पॉलिसीवर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. सलग क्लेम नसेल तर तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जातो. पाच-सहा वर्षांची गाडी आणि बोनस शून्य, याचा अर्थ मागच्या वर्षी क्लेम घेतलाय किंवा विमा मध्ये बराच काळ बंद होता. दोन्ही गोष्टींचा खुलासा मागा.

१०. पैसे देतानाच्या खुणा

'आज दुसरं गिऱ्हाईक येतंय', 'बदली झालीय, आत्ताच इसार टाका' ही घाई म्हणजे इशारा आहे. जाहिरातीत स्वतःला फौजी सांगून, ओळखपत्राचा फोटो पाठवून, गाडी न दाखवताच वाहतुकीचे पैसे मागणारे भामटे अनेकांना फसवतात. गाडी हात लावून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे मिळवण्यासाठी कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

रक्कम शक्यतो बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यावर द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला धरून नाही.

११. नोटरी म्हणजे नावावर होणं नाही

शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की गाडी आपली झाली, हा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव चढलं तरच मालकी बदलते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

विकणाऱ्यालाही यात तितकाच धोका आहे. गाडी विकली तरी आरसीवर नाव राहिलं, तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडे मागितली जाते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती दोघांनी सही करून ठेवावी, फास्टॅग विकणाऱ्याने बंद करावा आणि थोडी रक्कम नाव चढेपर्यंत मागे ठेवण्याचं आधीच ठरवून घ्यावं.

जाताना सोबत काय न्यावं

दिवसाची वेळ, ओळखीचा मेस्त्री, छोटा लोहचुंबक, टॉर्च आणि नेट चालू असलेला मोबाईल. आरसी, विमा, पीयूसी, सर्व्हिस रेकॉर्ड, कर्ज असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर फॉर्म २८, शिवाय गाडीच्या दोन्ही चाव्या मागा. यातलं एखादं 'नंतर देतो' असं म्हटलं गेलं, तर इसारही नंतरच द्या. बाजारात जुन्या गाड्या भरपूर आहेत. ही सुटली तर दुसरी मिळेल.