गजर कितवा?

आग्र्याला पोस्टिंग झाली की पाहुण्यांना ताजमहाल दाखवायची ड्युटी आपोआप अंगावर पडते. ती मी इमानाने करतो. पण ताजबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आज लिहायचे आहे ते याच शहरात शेवटचे दिवस काढलेल्या बाबराबद्दल, आणि आपल्या टेबलावरच्या गजराच्या घड्याळाबद्दल. या दोघांचा संबंध काय, असे वाटेल. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

१५२६ साली पानिपत जिंकून बाबर आग्र्यात आला. त्याला हिंदुस्थानातल्या बऱ्याच गोष्टी आवडल्या नाहीत. इथली उष्णता, धूळ, बागांमध्ये खेळते पाणी नसणे, सगळ्याची तक्रार त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. पण तो मुळात शिपाईगडी, त्यामुळे कामाची गोष्ट दिसली की बारकाईने पाहायचा. इथली वेळ मोजायची पद्धत त्याने अशीच पाहिली आणि बाबरनाम्यात सविस्तर नोंदवली.

पद्धत अशी होती. दिवस-रात्र मिळून साठ घटका, म्हणजे एक घटका आपली चोवीस मिनिटे. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. मोठ्या शहरांत वेळ सांगण्यासाठी घडियाली नेमलेले असत. पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडाशी बारीक भोक असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मग उंच टांगलेल्या पितळेच्या जाड थाळीवर लाकडी मोगरीने टोला द्यायचा. पहिल्या घटकेला एक, दुसरीला दोन, असे चढत जायचे. प्रहर संपला की भराभर पुष्कळ टोले, मग जरा थांबून कितवा प्रहर संपला तेवढे टोले. प्रहर बदलला की घटकांची मोजणी पुन्हा एकपासून.

त्या थाळीला म्हणत घडियाल. आपला 'घड्याळ' हा शब्द तिथला. म्हणजे काटे आणि चाके यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'घड्याळ' होते, फक्त ते पितळेचे ताट होते. प्रहर संपतानाच्या त्या भराभर टोल्यांना उत्तरेत गजर म्हणत. आपण 'पाचचा गजर लावला' म्हणतो, तो शब्दही याच घराण्यातला. 'तास' हाही मुळात टोले द्यायच्या थाळीचाच शब्द, म्हणून शाळेत अजून तास 'वाजतो'. आणि प्रहरावरून पहारा, पहाऱ्यावरून पहारेकरी. आमच्या संत्र्याचा धंदा शब्दासकट घड्याळातून निघाला आहे.

आता बाबराने काय केले ते पाहा. या पद्धतीत त्याला एक खोट दिसली. रात्री कोणी झोपेतून जागा झाला आणि त्याने तीन टोले ऐकले, तर तिसरी घटका हे कळेल, पण कोणत्या प्रहराची? दुसऱ्या की तिसऱ्या? प्रहराची खूण तर फक्त प्रहर संपतानाच वाजायची. तोपर्यंत माणूस अंधारात आढ्याकडे बघत राहणार. बाबराने हुकूम दिला की रात्री, आणि ढगाळ दिवशीही, घटकेचे टोले झाल्यावर थोडे थांबून प्रहराचे टोले द्यायचे. पहिल्या प्रहरातल्या तिसऱ्या घटकेला तीन टोले, विश्रांती, मग एक. तिसऱ्या प्रहरातल्या चौथ्या घटकेला चार टोले, विश्रांती, मग तीन. मध्यरात्री जाग आलेल्या माणसाला डोळे न उघडता कितव्या प्रहराची कितवी घटका ते समजते, हे तो समाधानाने लिहितो.

मला हा हुकूम फार मोठा वाटतो. यात नवे यंत्र नाही, जास्तीचा माणूस नाही, खर्च नाही. फक्त झोपेतून उठलेल्या माणसाला काय हवे असते, एवढा विचार आहे. गजर वाजणे हे अर्धेच काम. कितवा वाजला हे सांगणे, हे दुसरे अर्धे.

जहाजांवरही हीच अडचण आहे. चार तासांच्या पहाऱ्यात दर अर्ध्या तासाला एक टोला वाढत जातो, शेवटी आठ होतात. पण तीन टोले ऐकून दीड तास झाला एवढेच कळते, कोणत्या पहाऱ्याचा ते घंटा सांगत नाही. खडकवासल्याला आम्ही तिन्ही दलांचे कॅडेट एकत्र घडलो, त्यामुळे नौदलातल्या कोर्समेटला हे ऐकवायची संधी मी सोडत नाही. तो म्हणतो, "पहारा कुठला ते झोपलेल्याला माहीत असतंच." झोपलेल्याला काही माहीत नसते, हे त्याला बाबराकडून ऐकावे लागेल.

अकबराच्या काळी अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वाटीच्या भोकाचेही माप दिले आहे: एक मासा सोन्याची पाच अंगुळे लांब तार त्यातून जावी. एवढ्या नेमकेपणाने केलेली वाटी, पण ती दर चोवीस मिनिटांनी उचलून, रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवायला जिवंत माणूसच हवा. दिवस-रात्रीत साठ वेळा. सगळ्या शहराला वेळ सांगणाऱ्याला डोळा लागून चालणार नव्हते. आपल्याकडे लग्नात घटिकापात्रावर नजर ठेवणारे जोशीबुवा तेच काम एका मुहूर्तापुरते करीत. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथूनच आला.

माणसाच्या जागी चाक आले, तेव्हा सोय झाली पण काही हरवलेही. अमेरिकेत १७८७ साली लेवी हचिन्सने केलेले घड्याळ फक्त पहाटे चारलाच वाजायचे, कारण त्याला स्वतःला चारला उठायचे होते. हव्या त्या वेळेवर लावता येणाऱ्या गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिए याने १८४७ साली घेतले. आपल्या लहानपणीचे दोन घंट्यांचे चावीचे घड्याळ आठवा. आत गजराची एकच चकती, तिला एकच खाच. तासाचे चाक त्या खाचेपाशी आले की अडसर सुटतो आणि हातोडी घंट्यांवर नाचू लागते. खाच एक म्हणून गजर एक. शिवाय तबकडी बारा तासांची, त्यामुळे पहाटे पाचला लावलेला गजर चावी शिल्लक असेल तर संध्याकाळी पाचलाही वाजणार. त्या बिचाऱ्याला प्रहर कळतच नव्हता.

तरी या एका गजराची किंमत युद्धात कळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ साली गजराच्या घड्याळांचे उत्पादन थांबवले, कारण पितळ आणि कारखाने दारूगोळ्याला हवे होते. मग दारूगोळ्याच्याच कारखान्यात कामगार वेळेवर उठेनात. १९४३ साली कमीत कमी धातू वापरलेली, पुठ्ठ्यासारख्या पेटीची साधी घड्याळे पुन्हा काढावी लागली.

आजच्या डिजिटल टेबल घड्याळात खाच नाही. गजर म्हणजे आत साठवलेला एक आकडा, चालू वेळ त्याच्याशी जुळली की आवाज. आकडे तीन साठवा, पाच साठवा, घड्याळाला फरक पडत नाही. पण पुष्कळशा घड्याळांत सगळ्या गजरांचा आवाज एकच! म्हणजे आपण पुन्हा बाबराच्या आधीच्या काळात आलो.

साताऱ्याला आईच्या उशाशी असे तीन गजरांचे घड्याळ आहे. सकाळची गोळी उपाशीपोटी, दुपारची जेवणाआधी, रात्रीची रक्त पातळ करणारी. गेल्या पावसाळ्यात एका अंधारलेल्या दुपारी तिचा फोन आला, "अरे, डोळा लागला होता. हा वाजला तो दुपारचा की रात्रीचा?" बाबराचा ढगाळ दिवस तो हाच. रक्त पातळ करणारी गोळी दोनदा पोटात जाणे ही चेष्टा नव्हे. आता तिच्याकडे गजराबरोबर मोठा आकडा लुकलुकणारे घड्याळ आहे आणि डब्यांवर तेच आकडे रंगवलेले आहेत. मी फोन केला की ती सांगते, "दोन नंबर वाजला, दोन नंबर घेतली."

पलटणीत क्वार्टर गार्डवर संत्री अजून दर तासाला घंटेवर टोले देतो. रात्री तीन जवान, दोन तास पहारा, चार तास विश्रांती. मी नवा लेफ्टनंट असताना आमच्या सुभेदार साहेबांनी सांगितले होते, "साहेब, जवानाला उठवताना नुसते हलवायचे नाही. नाव घ्यायचे, किती वाजले ते सांगायचे, आणि कशासाठी उठवतोय ते सांगायचे." पुढे सीमेवरच्या चौक्यांवर त्याचा अर्थ कळला. बंकरमध्ये दचकून उठलेल्या माणसाच्या हाताशी रायफल असते. ही पाळी बदलायची हाक आहे, पहाटेचा स्टँड-टू आहे की खरोखर काही घडले आहे, हे त्याला पहिल्या श्वासात कळले पाहिजे. बाबरनामा साहेबांनी वाचला नव्हता. रात्रीचे पहारे मात्र बाबराइतकेच केले होते.

तेव्हा वाचकहो, घरात कोणासाठी दोन-तीन गजर लावणार असाल तर एवढे करा. प्रत्येक गजराला वेगळा आवाज द्या. ती सोय नसेल तर घड्याळाशेजारी ठळक अक्षरांत कोणता गजर कशाचा ते लिहून ठेवा. गजर लावणारा जागा असतो, ऐकणारा झोपेत असतो. सगळी व्यवस्था झोपेतल्या माणसाच्या हिशोबाने करायची.