बत्तीस शब्दांचे ऋण : यंत्रनिर्मित संहिता आणि प्रतिभेचा प्रश्न

यंत्राने रचलेल्या संहितेमागील सर्जनशीलता कोणाची, हा प्रश्न नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाल्यापासून सार्वत्रिक झाला आहे. तथापि त्याचा इतिहास सहा दशकांहून जुना असून त्याचा एक आरंभबिंदू वाङ्मयातच सापडतो. या इतिहासाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे आजची चर्चा ‘यंत्राला प्रतिभा असते काय’ या एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते.

इ. स. १९५९ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे थिओ लुट्झ या तरुण अभ्यासकाने ‘झुझे झेड २२’ या संगणकाकडून वाक्ये रचून घेतली. फ्रांझ काफ्काच्या ‘दास श्लोस’ (किल्ला) या कादंबरीतील शब्दांच्या आधारे त्याने सोळा उद्देश्ये व सोळा विधेये निश्चित केली. ‘प्रत्येक’, ‘एकही नाही’, ‘आणि’, ‘किंवा’ यांसारख्या तार्किक पदांनी ती जोडण्याचे नियम घालून दिले आणि कोणते पद कोणाशेजारी यावे, याचा निर्णय यादृच्छिक संख्यांवर सोपवला. माक्स बेन्झे या तत्त्वचिंतकाच्या ‘आउगनब्लिक’ या नियतकालिकात हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

या वाक्यांना वक्ता नव्हता. तरीही ती निरर्थक वाटत नाहीत. ‘परका’, ‘किल्ला’, ‘गाव’ ही पदे ‘दूर’, ‘उशिरा’, ‘काळोखा’ या पदांशेजारी येताच काफ्काच्या विश्वातील अगतिकता जाणवू लागते. हा अर्थ यंत्राने निर्माण केलेला नाही. तो शब्दांनी आपल्या पूर्वायुष्यातून आणलेला आहे आणि वाचकाने तो पूर्ण केलेला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे कारयित्री व भावयित्री असे दोन प्रकार मानले आहेत. त्या परिभाषेत सांगायचे तर लुट्झच्या प्रयोगात कारयित्री प्रतिभा शब्दांची निवड व नियमांची आखणी यांपुरती संकोचते आणि रसिकाच्या भावयित्री प्रतिभेवरील भार वाढतो.

याच स्टुटगार्टमध्ये १९६५ साली गेओर्ग नेस यांच्या संगणकचित्रांचे प्रदर्शन भरले. उपस्थित चित्रकार संतप्त झाले, तेव्हा त्यांना शांत करण्यासाठी बेन्झेने या निर्मितीला ‘कृत्रिम कला’ असे नाव दिले. त्याच वर्षी त्याने ‘जनरेटिव्ह’ सौंदर्यशास्त्राची, म्हणजे सौंदर्यनिर्मितीच्या नियमांची, संकल्पना मांडली. पुढे १९७१ मध्ये या चित्रप्रवाहातील एक अग्रणी फ्रीडर नाके यानेच संगणककला असू नये, अशी भूमिका घेतली. या मतभेदांतही एक गोष्ट समान होती. नियम माणसाने लिहिलेले होते, म्हणून त्या नियमांबद्दल कोणाला तरी जाब विचारता येत होता.

हे सूत्र पुढील काळात तुटले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘क्रिस्टीज’च्या लिलावात ‘एडमंड द बेलामी’ हे यंत्रनिर्मित व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले. त्यासाठी यंत्रप्रणालीला चौदाव्या ते विसाव्या शतकांतील सुमारे १५,००० व्यक्तिचित्रे पुरवण्यात आली होती. चित्र कसे असावे याचे नियम येथे कोणी लिहिले नव्हते. ते आधीच्या चित्रांमधून सांख्यिकीय संबंधांच्या रूपाने काढून घेतले गेले. चित्राच्या कोपऱ्यात स्वाक्षरी म्हणून गणिती सूत्राचा अंश होता. त्या हजारो चित्रांच्या कर्त्यांचा निर्देश मात्र नव्हता. आजच्या भाषाप्रतिमानांनी हीच पद्धती अवाढव्य लेखनसंग्रहाला लागू केली आहे. लुट्झचे ऋण बत्तीस शब्दांचे होते आणि ते त्याने उघडपणे मान्य केले होते. आजच्या यंत्रनिर्मित वाक्याचे ऋण मोजणे वाचकाला अशक्यप्राय झाले आहे.

कायद्याने या पेचाचा एक भाग हाताळला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका चित्रकथेतील लिखित मजकूर आणि निवड-मांडणी यांना संरक्षण दिले, परंतु तीतील यंत्रनिर्मित चित्रांना नाकारले. म्हणजे निवड हीच सर्जनशीलता, हे स्टुटगार्टमधील सूत्र येथे वेगळ्या वाटेने मान्य झाले. परंतु या निर्णयाने नव्या कृतीचा हक्क ठरतो. जुन्या कृतींचे ऋण त्यात मोजले जात नाही.

ते मोजण्याची दृष्टी आपल्या काव्यशास्त्रात आहे. राजशेखराने शब्दहरण व अर्थहरण यांची सविस्तर चर्चा केली आणि प्रत्येक उसनवारी सरसकट निषिद्ध न मानता तिचे प्रकार पाडले. असे वर्गीकरण तेव्हाच संभवते, जेव्हा मूळ कृती भावकाला ओळखू येते. ही ओळखच पुसली गेली, तर उसने कोणते आणि नवे कोणते हे सांगण्याचा आधार समीक्षेला उरत नाही. म्हणून यंत्राला प्रतिभा आहे काय, या प्रश्नाआधी समीक्षेने एक साधा प्रश्न विचारावयास हवा : हे शब्द कोणाचे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत कृतीच्या नावीन्याविषयीचा कोणताही निर्णय अपुराच राहील.