दोन फळ्यांचे वर्ग : जपानच्या खेड्यांतील लहान शाळा

जपानमध्ये 1872 साली मेइजी सरकारने ‘गाकुसेई’ ही शिक्षणसंहिता जाहीर केली आणि गावोगावी प्राथमिक शाळा काढण्याचे ठरले. खर्चाचा मोठा भार मात्र गावांवरच पडला. आरंभीच्या कित्येक शाळा बौद्ध मंदिरांत भरल्या. पुढे लोकांनी वर्गणी काढून इमारती उभ्या केल्या. मात्सुमोतो येथील काइची शाळेच्या 1876 मधील देखण्या इमारतीचा सुमारे 70 टक्के खर्च रहिवाशांच्या देणग्यांतून भागला. शाळा आपल्या पैशांनी बांधलेली, म्हणून आपली, ही भावना तेव्हापासूनची. शाळा बंद करण्याच्या निर्णयाला गावे पुढे इतक्या नेटाने का भिडली, हे त्यावरून कळते.

डोंगरातल्या वाड्या आणि बेटे मुख्य शाळेपासून लांब पडत. तिथे ‘बुन्को’ म्हणजे शाखाशाळा निघाल्या. अतिबर्फाच्या प्रदेशात काही शाखाशाळा फक्त हिवाळ्यापुरत्या भरत. त्सुबोई साकाए यांच्या 1952 च्या ‘चोवीस डोळे’ या कादंबरीने अशा शाळेचे चित्र घरोघरी पोहोचवले. तिच्यातली मुले चौथीपर्यंत भूशिरावरच्या शाखाशाळेत शिकतात आणि पाचवीपासून पाच किलोमीटर चालत मुख्य शाळा गाठतात.

अशा शाळांत शिकवण्याची खरी कसोटी जोडवर्गात लागते. आजच्या नियमानुसार प्राथमिक शाळेत दोन इयत्ता मिळून पट 16 पर्यंत असेल, तर त्यांचा एक वर्ग करता येतो. त्यांत पहिली असेल तर ही मर्यादा 8 आहे. तिसरी-चौथीचा गणिताचा तास घेऊ. काही शाळांत वर्गाला पुढे एक आणि मागे एक असे दोन फळे असतात व दोन्ही इयत्ता एकमेकींकडे पाठ करून बसतात. शिक्षक तिसरीला नवा भाग समजावतात. तेवढ्या वेळात चौथीतले एक मूल ‘गाइड’ होऊन आपल्या सोबत्यांना आधीच्या धड्याची उदाहरणे सोडवायला लावते, उत्तरे विचारते, चर्चा चालवते. मग शिक्षक पलीकडे जातात. या ये-जा करण्याला ‘वातारी’ म्हणतात. दोन्ही इयत्तांना नवा भाग एकाच वेळी शिकवावा लागू नये, म्हणून पाठाचे टप्पे मागेपुढे सरकवतात, ती ‘झुराशी’. गाइड होण्याची पाळी प्रत्येकावर येते, आणि लहान शाळेने शिक्षणशास्त्राला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच म्हणावी लागेल. शिक्षक समोर नसतानाही अभ्यास पुढे नेण्याची सवय मोठ्या वर्गात सहजी लागत नाही.

महायुद्धानंतर या शाळांकडे शासनाचे लक्ष गेले. 1954 च्या दुर्गम भाग शिक्षण प्रोत्साहन कायद्याने शिक्षकांच्या निवासाच्या सोयीकडे लक्ष दिले. त्याआधीच, 1951 साली, यामागाता प्रांतातल्या यामामोतो गावचे तरुण शिक्षक मुचाकू सेइक्यो यांनी आपल्या 43 विद्यार्थ्यांचे लेखन ‘यामाबिको गाक्को’ (प्रतिध्वनीची शाळा) या नावाने प्रसिद्ध केले. त्यात एक मुलगा आईच्या मृत्यूनंतर घराचा जमाखर्च मांडून गरिबीचे कारण शोधतो. मुलांच्या जगण्यालाच पाठ्यपुस्तक मानणाऱ्या या वर्गाची देशभर चर्चा झाली.

नंतर पट ओसरत गेला. वेगाच्या औद्योगिकीकरणात तरुण शहरांकडे गेले आणि जन्मदरही घसरला. 1949 मध्ये जपानात सुमारे 27 लाख बालके जन्मली होती. 2023 मध्ये साडेसात लाखांहून कमी. 1956 मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळांच्या विलीनीकरणाला चालना दिली. त्यातून गावागावांत इतके तंटे झाले, की 1973 मध्ये मंत्रालयानेच सक्ती टाळण्याची व लहान शाळांचे गुण ध्यानात घेण्याची सूचना काढली. तरी ओहोटी थांबली नाही. 1950 च्या दशकाअखेर सुमारे 27 हजार प्राथमिक शाळा होत्या, आता त्या 19 हजारांच्या आत आहेत. 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनी बसने साधारण एक तासाचा प्रवासही विलीनीकरणासाठी चालण्याजोगा मानला. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे अंतर फार आहे.

काही गावांनी मुले बाहेरून आणली. 1976 मध्ये नागानो प्रांतातल्या यासाका गावात ‘सानसोन र्‍यूगाकू’ सुरू झाले : शहरातली मुले वर्षभर गावात राहून तिथल्या शाळेत शिकू लागली. शिमाने प्रांतातल्या ओकी बेटांवर आमा गावच्या ओकी दोझेन उच्च माध्यमिक शाळेचा पट 2008 च्या सुमारास नव्वदीच्या खाली आला होता. बेटाचेच प्रश्न अभ्यासक्रमात आणून आणि देशभरातून विद्यार्थी बोलावून तो काही वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. पट अगदीच तुटपुंजा असलेल्या इतर शाळा आता इंटरनेटवरून दूरच्या शाळेबरोबर एकत्र तास घेतात, म्हणजे वादविवाद आणि गटचर्चेसाठी मुलांना समवयस्क मिळतात.