ऊन पाण्याची वाट

मुंबई-गोवा महामार्गाने सावर्डे मागे पडलं की संगमेश्वर यायच्या आधी आरवली लागते, मग तुरळ, आणि तिथून जवळच राजवाडी. तिन्ही गावांत जमिनीतून ऊन पाणी वर येतं. कोकणात अशी ठिकाणं जवळजवळ एका ओळीत आहेत. उत्तरेला तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. मग पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, दापोलीकडे उन्हवरे, त्यानंतर आमची ही तीन आणि पार खाली राजापूरजवळ उन्हाळे. इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. प्राथमिक शाळेत मी हे कितीतरी वर्गांना शिकवलं. पण या कुंडांवर कोण येत होतं आणि कशासाठी, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं. मला तोच इतिहास महत्त्वाचा वाटतो.

येत होत्या त्या बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बायका. भात झोडून झालं, पेंढा रचला, की शिमग्याच्या आधी चार मोकळे दिवस मिळत. तेव्हा बैलगाडीने, पुढे एसटीने, आणि जवळच्या असल्या तर चालतच त्या निघत. बरोबर भाकऱ्या, एक जुनं लुगडं, तेलाची बाटली. गुडघे, कंबर, घोटे, मनगटं, काही ना काही प्रत्येकीचं धरलेलं असे. धरणारच. आषाढात डोक्यावर इरलं घेऊन दिवसभर वाकून लावणी, पाय घोट्याच्या वर चिखलात. पहाटे जात्यावर नाचणी, उखळात भात, विहिरीवरून डोक्यावर हंडे, रानातून मोळ्या. पुरुष मुंबईला गिरणीत, त्यामुळे त्यांच्या वाटचं कामही बाईच्याच अंगावर. त्या चार दिवसांत कुणी तिला उठवत नसे, हाका मारत नसे. ऊन पाण्याने जो गुण येई त्यात या विश्रांतीचा वाटा मोठा होता, असं माझं ठाम मत आहे.

रत्नागिरी आणि सावंतवाडीचं इंग्रजी गॅझेटियर 1880 साली निघालं. जेम्स कॅम्बेल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याची ही मालिका तयार झाली. त्यात बंदरं आहेत, किल्ले आहेत, पिकं, जाती, मोजमापं आहेत, आणि आमचे गरम झरेही आहेत. पुढे भूवैज्ञानिकांनी झऱ्यांचं तापमान मोजलं, पाण्यातले क्षार तपासले. पाण्याची दखल घेतली गेली. त्यात पाय सोडून बसलेल्या बाईला नेमकं काय होतं, कधीपासून होतं, कुंडावरून घरी गेल्यावर तिचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून मला माझ्या घरच्या दोघींवरून सांगावं लागतंय.

माझ्या आईचे गुडघे पंचेचाळिशीनंतर बोलू लागले. पायऱ्या उतरताना कळ यायची. जेवून पाटावरून उठली की पहिली चार पावलं आखडलेली, मग मोकळी. सकाळीही तसंच, चूल पेटेपर्यंत पाय सुटलेले असत. राजवाडीला सोमेश्वराच्या देवळाशेजारच्या कुंडावर जाऊन आली की तिला पुढचे काही आठवडे बरे जात. सत्तरीतही ती हळूहळू का होईना, वाडीभर फिरत होती.

काकूचं वेगळं होतं. ती आईपेक्षा लहान, चाळिशीही गाठली नव्हती. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजायची. सकाळी मूठ वळत नसे, लुगड्याची गाठ मारता येत नसे, आणि ऊन अंगणात चांगलं पसरेपर्यंत हात तसेच. थकवा इतका की दुपारी बसल्या जागी डोळे मिटायची. बारीक ताप असायचा, अन्न जात नव्हतं. तिलाही आईबरोबर कुंडावर नेलं. "बुडव गो हात, निघून जाईल वात," असं सगळ्या म्हणत. पाण्यात असेपर्यंत तिला बरं वाटे. पण काही वर्षांत बोटं करंगळीच्या बाजूला कलली, मनगटं बसली, आणि भाकरी थापणं कायमचं सुटलं.

दोघींना गावाने एकच उपाय सांगितला: ऊन पाणी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल. कुणी बिब्ब्याचे डाग दिले, कुणी तापल्या लोखंडाचे. काकूच्या मनगटावर ते डाग शेवटपर्यंत होते.

जुन्या वैद्यकाने मात्र असं केलं नव्हतं. चरकसंहितेत सांधे झिजवणारा संधिगत वात आहे, आणि वातरक्त हा निराळा, स्वतंत्र अध्यायाचा विकार आहे. साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात आमवाताला वेगळं प्रकरण दिलं आहे: सूज, ताप, जडपणा, अन्नावरची वासना जाणं, दुखणं एका सांध्यावरून दुसऱ्यावर फिरणं. काकूचंच वर्णन वाचतो आहोत असं वाटतं. उपचारही वेगळे. संधिगत वाताला तेल. आमवात ताजा आणि सुजलेला असताना तेल टाळून वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक. हा भेद पोथ्यांत असताना आमच्या वाडीपर्यंत का पोचला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वैद्य तालुक्याच्या गावी, आणि बाईच्या दुखण्यासाठी तिथवर जायची रीत नव्हती. कुंड जवळ होतं आणि फुकट होतं.

तिकडे युरोपातही फार लवकर उमज पडली असं नाही. लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी 1859 मध्ये गाऊटपासून काकूसारखा आजार वेगळा काढला आणि त्याला आज प्रचारात असलेलं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिलं. 1948 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अशा एका रुग्णाला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं आणि खाटेला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 चं नोबेल त्यासाठी मिळालं. लवकरच लक्षात आलं की औषध सोसत नाही: तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. खरा आधार नंतर मिळाला तो मेथोट्रेक्सेटचा. भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूच्या कामातून ते आलं, कर्करोगासाठी. सांध्यांच्या आजारासाठी अगदी कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे औषध 1980च्या दशकात रुळलं. त्याच्या जोडीला दिलं जाणारं फोलिक अ‍ॅसिडही त्याच चमूने कृत्रिमरीत्या तयार केलं होतं. काकूची बोटं तोपर्यंत वाकून गेली होती.

आपल्याकडे घरोघर जाऊन माणसांना विचारण्याचं मोठं काम झालं ते 1996 मध्ये, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला. उजनीच्या फुगवट्यावर पक्षी बघायला लोक जातात, तेच भिगवण. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमाखाली गावातल्या सुमारे सहा हजार लोकांची पाहणी केली. कुठे दुखतं, किती दिवस, काम अडतं का, असे साधे प्रश्न. दुखणाऱ्यांची संख्या खूप निघाली आणि बहुतेकांचं दुखणं आईसारखं, झिजेचं किंवा कष्टाचं होतं. काकूसारखा आमवात प्रौढांमध्ये दोनशेंत एकाच्या आसपास होता. हे प्रमाण लहान दिसतं. पण हजार प्रौढांच्या गावात पाच माणसं होतात, आणि त्यांत बायका जास्त. माझ्या पाहण्यातल्या कुंडावरच्या गर्दीत काकू एकटी नव्हती, हे मला त्या आकड्यावरून कळलं.

आता बैलगाड्या गेल्या, दळायची जाती गेली, आणि कुंडाची जागा गावोगाव मिळणाऱ्या पुड्यांनी घेतली आहे. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत गुडघे पळू लागतात आणि बाई महिनोन् महिने पुडी घेत राहते. ऊन पाण्याने माझ्या पाहण्यात कुणाचं वाईट झालं नाही, या पुड्यांनी होतं. आणि बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. ती सरळ डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवावी.

आमच्या बचत गटात पाळी जाण्याच्या वयाच्या बऱ्याच जणी आहेत. त्या मला विचारतात, "बाई, या वयात दुखायचंच, नाही का?" मी त्यांना उलट विचारते, सकाळी किती वेळ आखडतं? दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल, चढउतारावर दुखत असेल, तर घाबरू नका. वजन थोडं उतरवा, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलण्याचा व्यायाम रोज करा, शेक घ्या, हवं तर तुरळला जाऊन या. चालणं बंद करू नका. मांडीचे स्नायू गेले की गुडघ्याला आधार राहत नाही. पण अर्धा तास, तास उलटला तरी मूठ वळत नसेल, दोन्ही हातांचे किंवा पावलांचे लहान सांधे सुजले असतील आणि सूज काही आठवडे हटत नसेल, तर थांबायचं नाही. सांध्याचं नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतं आणि औषधाचा गुणही तेव्हाच सर्वांत चांगला येतो. एकच सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप भरला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारणाशिवाय उतरणारं वजन, हेही अंगावर काढायचं नाही.

गटातल्या एकीची बोटं गेल्या पावसाळ्यात सुजली. लावणी संपायची वाट न बघता तिच्या सुनेने तिला रत्नागिरीला नेलं, रक्त तपासलं, निदान झालं. आता ती रविवारी गोळी घेते, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी करते आणि भाकऱ्या स्वतः थापते. जायच्या आधी मी तिला कालनिर्णयवर रोज लिहायला सांगितलं होतं: किती वाजता उठले, किती वाजता हात सुटले, कुठली बोटं सुजली. डॉक्टरांनी तो कागद आधी वाचायला घेतला. तुम्हीही जाल तेव्हा एवढं लिहून न्या, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, पुडी, तेल बरोबर न्या.